दोन घरचा पाहुणा

गोंदियाच्या बाजारातून लग्नाची वरात निघाली आणि बॅण्डपार्टीने एक ठराविक धून उचलली, की वरातीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचेही हात कोपरात वाकून आपोआप हलू लागतात. गुडघ्यांना जेमतेम हेलकावा, खांद्याला किंचित झोका, चेहऱ्यावर खट्याळ हसू. भगवानदादांचा तो नाच. गाणे 'अलबेला'मधले, 'शोला जो भडके'. चित्रपट आला १९५१ साली. तेव्हा ज्यांनी तो पाहिला त्यांची नातवंडे आता नवरदेव होऊन घोड्यावर बसतात. बॅण्डच्या जागी डीजेची भिंत आली, तरी ती धून काही वरातीतून गेलेली नाही. मात्र नाचणाऱ्यांपैकी कुणाला विचारावे, की बाबा रे, हे गाणे केले कुणी? बहुतेक जण भगवानदादांचे नाव घेतील. कुणी गीता बालीचे घेईल. ज्या माणसाने ही चाल बांधली, शिवाय ती भगवानदादांसाठी स्वतःच्या गळ्यातून गायली, त्याचे नाव चटकन ओठांवर येणार नाही.

ते नाव सी. रामचंद्र. पूर्ण नाव रामचंद्र नरहर चितळकर. सिनेसृष्टीत सगळ्यांचे अण्णा. संगीतकार म्हणून सी. रामचंद्र, गायक म्हणून नुसतेच चितळकर. एकाच माणसाची अशी दोन नावे तबकड्यांवर शेजारी शेजारी छापलेली असत आणि ही दोन माणसे आहेत असे समजणारे रसिकही पुष्कळ होते.

आपल्याकडे म्हण आहे, दोन घरचा पाहुणा उपाशी. हिंदुस्थानी रागदारीचे एक घर आणि जाझ, रुंबा, रॉक अँड रोलचे दुसरे घर, अशा दोन घरी या मराठी माणसाने आयुष्यभर ये-जा केली. एका घरच्यांनी त्याला बाटगा म्हटले, तर दुसऱ्या घरच्यांनी त्याला कधी आपल्यातला मानले नाही. परंतु या पाहुण्याने दोन्ही घरची पंगत मात्र अशी उठवली, की तिची चव अजून जिभेवर आहे.

पुणतांबे ते पुणे

गोदावरीच्या काठी, चांगदेवांच्या समाधीमुळे प्रसिद्ध असलेल्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांबे गावी १२ जानेवारी १९१८ रोजी रामचंद्र यांचा जन्म झाला. घर ब्राह्मणाचे, मध्यमवर्गीय. शाळेच्या पुस्तकांपेक्षा गाण्याकडे ओढा अधिक. त्यांच्या घडणीत विदर्भाचाही वाटा आहे, हे आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नसते. नागपूरला शंकरराव सप्रे यांच्याकडे त्यांनी गाण्याचे धडे घेतले. पुण्यात त्यांना गुरू लाभले ते पंडित विनायकबुवा पटवर्धन.

विनायकबुवा म्हणजे विष्णु दिगंबर पलुस्करांच्या तालमीत तयार झालेले ग्वाल्हेर परंपरेचे गवई. काही काळ त्यांनी गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या बरोबरीने रंगभूमी गाजवली आणि मग १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढून ते विद्यादानाला लागले. शिस्त कडक. स्वर, ताल, बंदिश यांत तडजोड नाही. बुवांची एक खासियत मात्र येथे आवर्जून सांगितली पाहिजे, कारण पुढच्या कथेशी तिचा संबंध आहे. विनायकबुवा तराण्याचे बादशहा होते. ज्या अक्षरांना काही अर्थ नाही अशी अक्षरे घेऊन, केवळ लयीच्या बळावर ते मैफल पेटवीत. शब्दाला अर्थ नसला तरी गाण्याला अर्थ असतो, हे त्यांच्या शिष्यांनी रोज कानांनी ऐकले होते.

अशा विद्यालयातला विद्यार्थी खरे तर गवई व्हायचा किंवा संगीतशिक्षक. रामचंद्रांना ओढले ते सिनेमाने. बोलपट नुकताच बोलू लागला होता आणि देखण्या, गाणाऱ्या तरुणांना तेथे मागणी होती. वाय. व्ही. राव यांच्या 'नागानंद' या चित्रपटात ते थेट नायक झाले. चित्रपट पडला आणि नायकपणही त्याबरोबर संपले. मग मुंबई. सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये 'सैद-ए-हवस', 'आत्मतरंग' अशा चित्रपटांत किरकोळ भूमिका मिळाल्या. कालचा नायक आज गर्दीत उभा, ही अवस्था अनेकांना मोडून टाकते. रामचंद्रांनी तोंडाला लावलेला रंग पुसला आणि पेटीपुढे बसले. मिनर्व्हाच्या बुंदू खान आणि हबीब खान या संगीतकारांना ते हार्मोनियमची साथ करू लागले. चाल कशी जन्मते, गाणाऱ्याच्या गळ्यात ती कशी उतरवायची, वाद्यवृंदात ती कशी बसवायची, हे सारे त्यांनी या साथीच्या काळात जवळून पाहिले.

भगवान नावाचा दोस्त

याच धडपडीच्या दिवसांत त्यांना एक दोस्त भेटला. त्याचेही विदर्भाशी नाते. भगवान आभाजी पालव यांचा जन्म १९१३ साली अमरावतीचा. वडील गिरणी कामगार, त्यामुळे वाढले मुंबईच्या कामगार वस्तीत. कुस्तीचा आणि हाणामारीच्या चित्रपटांचा नाद. कमी पैशांत, कमी दिवसांत चित्रपट उभा करायची हातोटी त्यांना साधली होती. भगवानना दोन तमिळ चित्रपट दिग्दर्शित करायला मिळाले, 'जयक्कोडी' आणि 'वनमोहिनी'. त्यांना संगीत द्यायला त्यांनी आपल्या या मित्राला बरोबर घेतले. म्हणजे पुणतांब्याच्या या मराठी मुलाचे संगीतकार म्हणून पहिले पाऊल पडले ते ज्या भाषेचा गंध नाही त्या तमिळमध्ये! परक्या भाषेतल्या शब्दांना चाल लावायची, तर अर्थापेक्षा नादावर कान ठेवावा लागतो. ही सवय पुढे फार कामाला आली. १९४२ च्या भगवान यांच्याच 'सुखी जीवन'ने हिंदीत त्यांचे नाव झाले.

त्या काळातली मुंबई डोळ्यांपुढे आणली पाहिजे. कुलाब्याच्या ताजमहाल हॉटेलात १९३५ साली लिऑन ॲबी हा अमेरिकी कृष्णवर्णी वादक आपला ताफा घेऊन आला आणि मुंबईच्या श्रीमंत वर्तुळाला जाझचे वेड लागले. त्यापाठोपाठ आणखी वादक आले. युद्धाच्या वर्षांत मुंबईत गोऱ्या सैनिकांची वर्दळ वाढली, तशा तबकड्याही आल्या. बेनी गुडमन या अमेरिकी वादकाची क्लॅरिनेट तेव्हा जगभर गाजत होती. या वाद्याने आणि त्याच्या त्या झुलत्या लयीने रामचंद्रांना झपाटून टाकले.

परंतु नुसते झपाटून भागत नाही. ते संगीत वाजवणार कोण? येथे गोव्याची माणसे पुढे आली. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना लहानपणापासून व्हायोलिन आणि पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवली जाई. त्यातली कितीतरी मुले पोटासाठी मुंबईला आली आणि हॉटेलांच्या नाचघरांत रात्री वाजवू लागली. रात्री नाचघर, दिवसा सिनेमाचा स्टुडिओ, असा त्यांचा दिनक्रम झाला. संगीतकार पेटीवर सरगमेत चाल सांगे आणि हे वादक ती कागदावर रेघांच्या स्वरलिपीत उतरवून प्रत्येक वाद्याला त्याचा वाटा नेमून देत. त्यांची नावे चित्रपटाच्या श्रेयनामावलीत क्वचितच झळकली. तबकडीवर तर कधीच नाही.

अल्डोना गावचे आंतोनिओ झेवियर वाझ हे त्यांतले एक. ट्रम्पेट वाजवणारे, लुई आर्मस्ट्राँगच्या वळणाने गाणारे. मुंबई त्यांना चिक चॉकलेट या नावाने ओळखत असे. दुसरे जॉन गोम्स. हे दोघेही सी. रामचंद्रांचे सहायक झाले. एकाकडे रागाची जाण, दुसऱ्याकडे जाझची. एकाला कागदावरचे स्वर परके, दुसऱ्याला बंदिश परकी. एका खोलीत बसून या माणसांनी एकमेकांची भाषा शिकून घेतली. आपल्या चित्रपटसंगीतातला मोठा बदल अशा खोल्यांमधून घडला.

रविवारचे आमंत्रण

१५ ऑगस्ट १९४७ हा दिवस सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच दिवशी फिल्मिस्तानचा 'शहनाई' प्रदर्शित झाला हे मात्र थोड्यांना ठाऊक असते. देश स्वतंत्र होत होता आणि पडद्यावर एक साहेबी थाटाचा बाबू एका मुलीला रविवारचे आमंत्रण देत होता. 'आना मेरी जान संडे के संडे'. पी. एल. संतोषींचे शब्द, शमशाद बेगम, मीना कपूर आणि चितळकर यांचे आवाज आणि मधूनच चक्क शीळ! गाण्यात शीळ घालायची कल्पनाच तेव्हा धाडसाची होती. चांगल्या घरच्या मुलाने शीळ घालू नये अशी शिकवण देणारा तो काळ. गाण्याने देश डोक्यावर घेतला आणि अभिरुचीच्या राखणदारांनी नाके मुरडली.

त्यानंतर वर्षामागून वर्ष गाणी येत राहिली. १९४९ च्या 'पतंगा'तले रंगूनहून देहरादूनला आलेल्या टेलिफोनचे गाणे तर घराघरात गेले. घरात टेलिफोन असलेली माणसे तेव्हा गावात बोटांवर मोजण्याएवढी. तरी तो संवाद सगळ्यांना आपला वाटला, कारण त्यात दूरदेशी गेलेल्या नवऱ्याची आणि मागे राहिलेल्या बायकोची ताटातूट होती. वरून विनोदी, आतून हुरहूर लावणारे असे ते गाणे.

१९५० च्या 'समाधी'तले 'गोरे गोरे' हे मात्र एका अमेरिकी चित्रपटगीतावरून उचललेले. ही उचल लपून राहिलेली नाही आणि लपवण्याचे कारणही नाही. सी. रामचंद्रांच्या कामाचा प्रामाणिक हिशेब मांडायचा तर हा रकानाही भरावाच लागेल. काही ठिकाणी त्यांनी चाल जवळजवळ जशीच्या तशी घेतली. परंतु त्यांची खरी कमाई या रकान्यात नाही. ती आहे जेथे कुठलीच चाल उचललेली दिसत नाही आणि तरीही दोन खंडांचे संगीत एका गाण्यात नांदते आहे, तेथे.

'अलबेला' हे त्याचे उत्तम उदाहरण. भगवानदादांनी आपली सारी पुंजी या चित्रपटात ओतली होती. 'शोला जो भडके'मध्ये बोंगो, ओबो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन असा थाट आहे. याच चित्रपटातल्या एका गाण्यात चिक चॉकलेट आणि त्यांचा ताफा पडद्यावरही दिसतो. आता त्याच चित्रपटातली अंगाई ऐका. लताबाईंनी गायलेली 'धीरे से आजा री'. पिलू रागाची ती सावली, बाळाच्या पापणीला धक्का न लागेल असा तो सूर. एकाच महिन्यांत, एकाच खोलीत, एकाच माणसाने ही दोन्ही गाणी बांधली असावीत यावर विश्वास बसत नाही. ज्याला अंगाई येत नाही त्याने केलेला धांगडधिंगा चार दिवसांत विरतो. सी. रामचंद्रांचा धांगडधिंगा टिकला, याचे कारण त्या अंगाईत आहे. ठेका परका असला तरी त्यावर चालणारी सुरावट गुणगुणण्यासारखी, आपल्या गळ्यात बसणारी होती. गावातल्या बॅण्डवाल्याला ती एकदा ऐकून वाजवता आली, यातच सगळे आले.

आकाशवाणीचे दार बंद

या गाण्यांना विरोध होता आणि तो साधासुधा नव्हता. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रीय नभोवाणीमंत्री झाले. शास्त्रीय संगीतावर त्यांची निष्ठा होती आणि रागदारीला रेडिओवर त्यांनी मानाचे स्थान दिले, हे त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु चित्रपटगीतांत शिरलेले पाश्चात्त्य वळण त्यांना साफ नामंजूर होते. आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. देशाच्या सरकारी कानाने ठरवले, की हे संगीत आपले नाही.

लोकांनी मात्र वेगळा निकाल दिला. त्याच वर्षाच्या अखेरीस रेडिओ सिलोनवरून बिनाका गीतमाला सुरू झाली आणि अमीन सयानींचा आवाज खरखरत्या शॉर्टवेव्हवरून हिंदुस्थानच्या कानाकोपऱ्यात पोहोचला. हावडा-मुंबई लोहमार्गावरच्या गावांत, धानाच्या गिरण्यांच्या आवारात, पानठेल्यांवर माणसे रेडिओभोवती गोळा होऊ लागली. पाच वर्षांनी, ऑक्टोबर १९५७ मध्ये, आकाशवाणीलाच विविधभारती सुरू करावी लागली.

सामान्य श्रोत्याला या भेसळीचे कधीच वावडे नव्हते. आपल्या झाडीपट्टीचेच पाहा ना. मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने गावोगाव रात्रभर नाटके चालतात. त्या मांडवात नाट्यपद होते, लावणी होते, सिनेमाच्या ठेक्यावरचे गाणेही होते. प्रेक्षक एकाला दाद देतो म्हणून दुसऱ्याला नाकारत नाही. त्याची कसोटी एकच, गाणे मनाला भिडले की नाही. सी. रामचंद्रांनी हा श्रोता ओळखला होता.

शुद्धतेच्या पुरस्कर्त्यांनाही त्यांनी उत्तर दिले आणि तेही त्यांच्याच अंगणात जाऊन. १९५३ साली 'अनारकली' आला. भीमपलासातले 'ये जिंदगी उसीकी है' आणि बागेश्रीतले 'जाग दर्द-ए-इश्क' ही त्यातली गाणी. रविवारच्या आमंत्रणाचे गाणे करणारा हाच का तो, असा प्रश्न पडावा इतकी ती वेगळी. विनायकबुवांच्या विद्यालयातले दिवस वाया गेले नव्हते. १९५५ च्या 'आझाद'ची कथा तर दंतकथेसारखी सांगितली जाते. महिन्याभरात सगळी गाणी हवी होती. नौशादांनी घाईचे काम नाकारले. सी. रामचंद्रांनी ते पत्करले, मुदतीत पुरे केले आणि त्यातली जवळजवळ प्रत्येक चाल लोकांच्या तोंडी बसली.

अर्थ नसलेल्या शब्दांचा अर्थ

आणि मग १९५७. 'आशा' हा एम. व्ही. रामन यांचा चित्रपट, नायक किशोरकुमार. अमेरिकेत बिल हॅले आणि एल्विस प्रेस्ले यांच्या रॉक अँड रोलने तरुणांना वेडे केले होते आणि तो वारा मुंबईपर्यंत येऊन पोहोचला होता. सी. रामचंद्रांना तसे भन्नाट वेगाचे गाणे हवे होते. बाहेर मुले खेळत होती. इंग्रजी शाळांतली मुले राज्य कुणावर हे ठरवताना जी बडबड म्हणतात, तीच त्यांची चालली होती. आपल्याकडे 'अडम तडम' म्हणतात ना, तसलाच प्रकार. त्या बडबडीवरून 'ईना मीना डीका' हे बोल सुचले, अशी कथा आहे. जॉन गोम्स यांनी त्यात आपल्या मायबोलीची भर घातली. 'मला नको' अशा अर्थाचे कोंकणी शब्द त्या निरर्थक बोलांत जाऊन बसले. देशभर कोट्यवधी माणसे गेली कित्येक वर्षे नकळत कोंकणीत नकार देत नाचत आहेत!

किशोरकुमारांनी ते गाणे गायले की उधळले, हे सांगणे कठीण. आशा भोसले यांच्या आवाजातही ते आहे. जाझमध्ये असे निरर्थक अक्षरांनी गाण्याची मोठी परंपरा आहे. लुई आर्मस्ट्राँगने १९२६ च्या एका तबकडीत ती लोकप्रिय केली. जाणकार सांगतात, की सी. रामचंद्रांनी ती पद्धत हिंदी चित्रपटात आणली. ते खरेच आहे. परंतु आपण मराठी माणसांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. हा माणूस तराण्याच्या बादशहाचा शिष्य होता. अर्थ टाकून देऊन केवळ लयीवर स्वार होणारा आवाज त्याने अमेरिकी तबकडीत ऐकण्याच्या आधी पुण्याच्या विद्यालयात ऐकला असणार. म्हणूनच आर्मस्ट्राँगचा तो खेळ त्याला परका वाटला नसावा. तेथे अक्षरे वेगळी, येथे वेगळी. आनंद तोच.

संगीताची दोन घरे जोडण्याचे रहस्य बहुधा यातच आहे. वरवरचा दागिना या घरून त्या घरी नेला की तो उसना दिसतो. परंतु दोन्ही घरांच्या पायाशी एकच दगड आहे हे ज्याला दिसते, त्याला मधली भिंत सहज ओलांडता येते.

माघार आणि एक शिखर

यशाच्या भरात त्यांनी स्वतःची चित्रसंस्था काढली. 'झांझर', 'लहरें', 'दुनिया गोल है' असे चित्रपट केले. ते चालले नाहीत. पैसा गेला. ज्या आवाजाने त्यांच्या नाजूक चाली अमर केल्या, त्या लता मंगेशकरांशी पन्नासच्या दशकाच्या अखेरीस त्यांचे बिनसले. या दुराव्यावर खूप काही लिहिले, बोलले गेले आहे. त्या चर्चेत आपण शिरू नये हेच बरे. एवढे मात्र खरे, की त्यांच्या संगीताचा एक डोळाच जणू मिटला. व्ही. शांताराम यांच्या 'नवरंग'ची (१९५९) गाणी आशाबाईंच्या आवाजात गाजली. तरी एकूण ओघ आटत चालला होता.

यात एक क्रूर विनोद होता. ज्या सॅक्सोफोनसाठी, ज्या ठेक्यासाठी त्यांनी बोलणी खाल्ली, तीच आता सगळ्यांची रीत झाली. नव्या दमाचे संगीतकार त्याच दारातून आत आले. त्यांच्याजवळ मोठे वाद्यवृंद होते, मोठे निर्माते होते. दार उघडून धरणारा माणूस गर्दीत मागे राहिला.

अशा वेळी त्यांच्या हातून ते गाणे झाले. १९६२ च्या चीन युद्धात देश हादरला होता. कवी प्रदीप यांनी शहीद जवानांवर गीत लिहिले आणि चाल लावण्याचे काम सी. रामचंद्रांकडे आले. गायला लताबाई. जुना दुरावा या गाण्यासाठी बाजूला झाला. २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर, राष्ट्रपती राधाकृष्णन आणि पंतप्रधान नेहरू यांच्यासमोर 'ऐ मेरे वतन के लोगो' गायले गेले. नेहरूंचे डोळे पाणावले. त्यानंतर आजतागायत एकही पंधरा ऑगस्ट किंवा सव्वीस जानेवारी या गाण्यावाचून गेली नसेल. त्याची चाल कशी आहे पाहा. ना रणशिंग, ना नगारा. शोक आवरून धरलेल्या माणसाने हळू आवाजात बोलावे तशी. पाश्चात्त्य गोंगाट करणारा म्हणून ज्याला हिणवले, त्याच्या हातून राष्ट्राला आपल्या दुःखाचा सूर मिळाला.

मराठीच्या अंगणात

हिंदीतले काम मंदावल्यावर ते मराठीकडे वळले. 'धनंजय' (१९६६) आणि 'घरकुल' (१९७०) या चित्रपटांत त्यांनी संगीताबरोबर भूमिकाही केल्या. नायकपणाची जी हौस तरुणपणी अर्धी राहिली होती, ती अशी उतारवयात पुरवून घेतली. ग. दि. माडगूळकरांच्या 'गीतगोपाल'ला त्यांनी सुरांत गुंफले आणि स्वतः गायले.

'घरकुल' हा एकच चित्रपट घेतला तरी हा सारा माणूस त्यात सापडतो. एका बाजूला 'नंबर फिफ्टी फोर, हाऊस ऑफ बांबू'. पन्नासच्या दशकातल्या एका इंग्रजी गाण्यावर बेतलेले, मराठी घरात पाश्चात्त्य ठेका घेऊन आलेले, पोरांना बेहद्द आवडलेले. दुसऱ्या बाजूला 'मलमली तारुण्य माझे'. आपल्या अमरावतीच्या सुरेश भटांचे शब्द, आशाबाईंचा आवाज आणि चांदण्यात भिजलेली चाल. तिसरीकडे गदिमांची कोपऱ्यात निजलेली सतार. आणि ज्यावर मराठी मुलांच्या पिढ्या वाढल्या ते पप्पा आणि मम्मीचे गाणे. वीस वर्षांपूर्वी 'अलबेला'त जे केले, तेच त्यांनी मायबोलीत करून दाखवले.

१९७७ मध्ये त्यांनी आत्मचरित्र लिहिले, 'माझ्या जीवनाची सरगम'. मोकळेपणाने लिहिलेल्या या पुस्तकाने काहींना दुखावले, बराच वादही झाला. पुढे पाचच वर्षांनी, ५ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. चौसष्टावा वाढदिवस आठवड्यावर आला होता.

त्यांचे जाणे कोणत्या वेळी झाले तेही ध्यानात घ्यावे. 'कुर्बानी'तल्या १९८० च्या गाण्याने देशात डिस्कोची साथ आणली होती. १९८२ च्या अखेरीस 'डिस्को डान्सर' आला आणि गल्लीगल्लीतली पोरे चमचमते कपडे घालून नाचू लागली. पुन्हा तीच ओरड झाली, की आपले संगीत बुडाले. पस्तीस वर्षांपूर्वी रविवारच्या गाण्यावर झालेली ओरड कुणाला आठवली नाही. तिचा धनीही उत्तर द्यायला उरला नव्हता. आजही नव्या ठेक्याचे गाणे आले की घरातली वडील मंडळी कानांवर हात ठेवतात आणि संध्याकाळी रेडिओवर 'ईना मीना डीका' लागले की जुने, सोज्वळ गाणे म्हणून आवाज वाढवतात.

मिश्रण वाईट की चांगले, हा वाद म्हणूनच फोल आहे. पाहायचे ते एवढेच, की मिसळणाऱ्याला दोन्ही पदार्थांची चव ठाऊक आहे की नाही. सी. रामचंद्रांना भीमपलासही ठाऊक होता आणि क्लॅरिनेटही. गवयाची तालीम घेतलेल्या या माणसाने गोव्याच्या वादकांना गुरुभावाने जवळ केले, मुलांच्या खेळातले बोल कमी लेखले नाहीत आणि पानठेल्यावरच्या श्रोत्याला अडाणी समजले नाही. दोन घरच्या पाहुण्याच्या वाट्याला शेवटी थोडी उपासमार आलीच. मान उशिरा मिळाला, काही तर मिळालाच नाही. परंतु त्याने वाढलेल्या ताटावर आपण आजही बसलो आहोत. जेवताना वाढणाऱ्याचे नाव तरी घ्यावे, एवढी रीत आपल्या घरांत अजून शिल्लक आहे.